मालकाच्या वेषातला मजूर

देशातील मालवाहतुकीपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाहतूक आज रस्त्याने होते. नाशिकचा कांदा, जालन्याचे पोलाद, विदर्भातील कापूस आणि न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरणारा परदेशी माल या सर्वांचा अखेरचा आधार मालमोटार हाच आहे. या मालमोटारींपैकी मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या थोड्या. बहुसंख्य गाड्या एक, दोन, फार तर पाच गाड्या बाळगणाऱ्या लहान वाहतूकदारांच्या आहेत. त्यांतही जो कर्ज काढून एकच गाडी घेतो आणि तिचे चाक स्वतःच्याच हाती धरतो, त्याची स्थिती सर्वांत हलाखीची आहे. डिझेल, टायर, विमा, टोल या प्रत्येक खर्चाचा आकडा वर चढत गेला. भाडे मात्र त्या प्रमाणात चढले नाही. हंगाम सरला की ते घसरते आणि घसरलेले भाडे पुन्हा पूर्वपदाला येईलच अशी शाश्वती नसते.

समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. त्याचे कारण आपल्याच विचारांच्या सवयीत आहे. कामगार म्हणजे ज्याला मालक असतो तो, आणि मालक म्हणजे ज्याच्यापाशी उत्पादनाचे साधन असते तो, अशी सोपी विभागणी आपण करून ठेवली. गाडीवाल्यापाशी साधन आहे, म्हणून तो मालक. त्याचे भाडे पडले तर तो त्याच्या धंद्यातला तोटा, आपला प्रश्न नव्हे, असे आपण समजत आलो. आमचे म्हणणे असे की ही समजूत चुकीची आहे. एका गाडीचा चालक-मालक हा आर्थिकदृष्ट्या खेपेच्या दराने राबणारा मजूरच आहे. फरक इतकाच की कामाचे हत्यार त्याने स्वतःच्या कर्जाने विकत घेतले आहे. म्हणून पडते भाडे ही मजुरीतील कपात आहे, आणि किमान मजुरीचा जो न्याय आपण शेतमजुराला व गिरणी कामगाराला लावतो, तोच त्यालाही लागू केला पाहिजे.

भाडे ठरते कसे, ते प्रथम पाहू. कळंबोलीच्या पोलाद बाजारात माल उतरवून रिकामी झालेली गाडी परतीच्या भरतीसाठी थांबते. गाडीवाल्याची कारखानदाराशी किंवा व्यापाऱ्याशी गाठ क्वचितच पडते. मध्ये ट्रान्सपोर्ट कंपनी असते, तिच्या खाली बुकिंग एजंट, कधी त्याच्याही खाली आणखी एक दलाल. माल पाठवणाऱ्याने किती भाडे मोजले हे गाडीवाल्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त शेवटच्या दलालाने उच्चारलेला आकडा. तो त्याने नाकारला तर मागे रांगेत उभा असलेला दुसरा गाडीवाला तो स्वीकारतो. एक दिवस थांबले तर जेवणखाण, पार्किंग आणि बुडालेला दिवस अंगावर पडतो. दोन दिवस थांबले तर डिझेलपुरते भाडे मिळाले तरी चालेल, या मनःस्थितीला माणूस येतो. ‘रिकामे जाण्यापेक्षा बरे’ या एका वाक्यावर परतीच्या भाड्याचा सगळा बाजार उभा आहे. भाडे ठरल्यावरही त्यातून कमिशन जाते. काही रक्कम आगाऊ मिळते आणि उरलेली बाकी पोच पावती दिल्यावर, अनेकदा आठवड्यांनी, कधी महिन्यांनी हाती येते. लहान उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकती झाली पाहिजेत असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. पण ज्याचा करार दलालाच्या तोंडी शब्दावर झालेला असतो, त्याने हा कायदा कोणाला दाखवावा?

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो की किंमत घसरली म्हणजे पुरवठा आटतो, आणि पुरवठा आटला म्हणजे किंमत सावरते. मालवाहतुकीच्या बाजारात हा नियम उलटा चालताना दिसतो. गाडीवाल्याचा कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला द्यावाच लागतो. विमा, कर, परवाना हे खर्चही गाडी उभी असो वा धावती असो, चुकत नाहीत. म्हणून भाडे पडले की तो गाडी कमी चालवत नाही, अधिक चालवतो. महिन्यात आठ खेपा करणारा दहा खेपा करू लागतो, झोप तोडतो, क्लीनरला घरी पाठवून एकटाच निघतो, टायर आणखी काही महिने ओढतो. प्रत्येकाने असे केले म्हणजे बाजारातील एकूण पुरवठा वाढतो आणि भाडे आणखी पडते. एकट्यापुरता जो शहाणपणाचा मार्ग, तोच सर्वांच्या नाशाचा मार्ग ठरतो. मजुरीच्या बाजारात हीच अवस्था होती, म्हणून तर कामाचे तास आणि किमान वेतन कायद्याने ठरवावे लागले. बाजाराला आपले आपण सावरू द्या, असे सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की येथे बाजार सावरतो तो गाडी जप्त झाल्यावर, आणि तीच गाडी स्वस्तात विकत घेऊन दुसरा कोणी कर्जबाजारी त्याच रांगेत येऊन उभा राहतो.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा वाटा डिझेलचा. त्याचा साधा हिशेब मांडू. समजा, एक दहाचाकी गाडी महिन्याला आठ हजार किलोमीटर धावते आणि लिटरमागे चार किलोमीटर जाते. तिला दोन हजार लिटर डिझेल लागेल. म्हणजे डिझेल लिटरमागे एका रुपयाने महागले की महिन्याचा खर्च दोन हजार रुपयांनी वाढला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. जागतिक बाजारात तेल स्वस्त झाले तर त्याचा लाभ ग्राहकाला मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे असलेले केंद्रीय उत्पादनशुल्क मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर गेले. आमच्या उदाहरणातील गाडीवर ही वाढ महिन्याला साडेछप्पन्न हजार रुपयांची होते. ही वाढ शिगेला पोचली तो काळ टाळेबंदीचा होता. कारखाने बंद, परतीचा माल नाही आणि गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. तेलाच्या जागतिक मंदीचा लाभ सरकारी तिजोरीने घेतला, आणि मालवाहतुकीच्या मंदीचा भार गाडीवाल्यावर राहिला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा रुपये आणि मे २०२२ मध्ये सहा रुपये शुल्क कमी करण्यात आले, हे खरे. पण तोवर मुंबईत डिझेल शंभरी ओलांडून गेले होते. शिवाय डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

पुरवठ्याच्या बाजूलाही सरकारने एक मोठा आघात केला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींची अनुज्ञेय भारक्षमता सुमारे वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली. वाहतूक कार्यक्षम व्हावी, हा हेतू सांगण्यात आला आणि तो वरकरणी वाजवीही होता. पण परिणाम काय झाला? देशातील माल तेवढाच राहिला आणि तो वाहण्याची कायदेशीर क्षमता एका अधिसूचनेने वाढली. पाच गाड्यांचा माल चार गाड्यांत मावू लागला आणि पाचवी गाडी रांगेत उभी राहिली. माल पाठवणाऱ्यांनी वाढीव भार जुन्याच खेपेच्या भाड्यात मागितला. टनामागे भाडे घसरले. त्यातच अर्थव्यवस्था मंदावली आणि २०१९-२० या वर्षी मध्यम व अवजड व्यापारी वाहनांची विक्री चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. मोटार कारखान्यांच्या मंदीची वर्तमानपत्रांनी ठळक दखल घेतली. ज्याच्या गाडीची क्षमता वाढली पण कमाई वाढली नाही, त्याची दखल कोणी घेतली नाही.

आता कायद्याकडे वळू. पूर्वी १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली परवान्यांची संख्या मर्यादित असे. त्या पद्धतीत परवान्यांचा काळाबाजार होता, लाचलुचपत होती, आणि तिच्याकडे परत जावे असे आम्ही म्हणत नाही. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि मालवाहतुकीचा परवाना मागेल त्याला मिळू लागला. प्रवेश खुला झाला, हे ठीकच. पण त्याच कायद्याच्या कलम ६७ ने राज्य सरकारला भाड्यांविषयी परिवहन प्राधिकरणांना निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार प्रवासी वाहनांपुरता नाही. मालवाहनांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि कमाल भाड्याबरोबर किमान भाड्याचाही आहे. म्हणजे आम्ही जे मागत आहोत त्यासाठी नवा कायदासुद्धा करावा लागणार नाही.

प्रवाशांच्या बाबतीत हा अधिकार नित्य वापरला जातो. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सीचे भाडे कोणत्या सूत्राने ठरवावे यासाठी हकीम समिती नेमली गेली आणि नंतर खटुआ समिती. इंधन, देखभाल, गाडीत गुंतलेले भांडवल आणि चालकाचा निर्वाह या सर्व गोष्टी हिशेबात धरल्या गेल्या. एका रिक्षाच्या मालकाला जगण्यापुरते उत्पन्न मिळाले पाहिजे, हे तत्त्व सरकारने तेथे मान्य केले आहे. मग एका मालमोटारीच्या मालकाने असा कोणता अपराध केला? उत्तर उघड आहे. रिक्षाचे भाडे लाखो सामान्य प्रवासी देतात. मालमोटारीचे भाडे कारखानदार, व्यापारी आणि मोठ्या कंपन्या देतात, आणि ते खाली राहावे यात त्यांचा हितसंबंध आहे.

संघटनेच्या बळाने हा दर राखता येतो का, याचे उदाहरण हिमाचल प्रदेशात मिळते. तेथील बरमाणा व दाडलाघाट येथील सिमेंट कारखान्यांचा माल स्थानिक ट्रकमालकांच्या संस्था वाहतात. दोन्ही कारखाने अदानी समूहाच्या ताब्यात गेल्यानंतर, भाडे परवडत नाही या कारणावरून डिसेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्यात आले. ६७ दिवस हा तिढा चालला. फेब्रुवारी २०२३ मध्ये एक आसाच्या गाडीला टनामागे दर किलोमीटरला १० रुपये ३० पैसे आणि बहुआसी गाडीला ९ रुपये ३० पैसे, अशी तडजोड झाली. ट्रकमालकांना पूर्वीच्या दरात कपात सोसावी लागली. परंतु ती उघड वाटाघाटींनंतर, सरकारच्या मध्यस्थीने आणि पैशापैशाचा हिशेब मांडून झाली. कळंबोलीतला एकटा गाडीवाला तेवढीच कपात एका संध्याकाळी, एका दलालाच्या टपरीत, निमूटपणे स्वीकारतो. या संस्थांमध्ये दोष आहेत. बाहेरच्या गाडीला मज्जाव करण्याची वृत्ती त्यांच्यात येते. पंजाबने २०१७ मध्ये ट्रक युनियनांच्या मक्तेदारीविरुद्ध नियम केले ते याच तक्रारीवरून. पण मक्तेदारी मोडून बाजार मोकळा सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाण्याचा प्रकार आहे.

मधला मार्ग महाराष्ट्राने स्वतःच घालून दिलेला आहे. जो हमाल या गाड्या भरतो आणि उतरवतो, त्याची अवस्था एके काळी याहून वाईट होती. त्यालाही ठरलेला मालक नव्हता. आज या दुकानाचे पोते, उद्या त्या दुकानाचे. कोणाचाच नोकर नाही म्हणून कामगार कायदा त्याला लागू नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींनी आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हा युक्तिवाद मोडून काढला. १९६९ च्या माथाडी कायद्याने एकेका कामगाराला एकेक मालक शोधून देण्याचा खटाटोप केला नाही. त्याने मंडळ निर्माण केले, काम देणाऱ्यांची व काम करणाऱ्यांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली, आणि मजुरीवर आकारलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची तरतूद केली. ज्याला मालक नाही त्याच्यासाठी सर्व मालकांना मिळून जबाबदार धरणे, हे त्या कायद्याचे मर्म होते. गाडी भरणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते गाडी चालवणाऱ्यासाठी अशक्य का मानावे?

तेव्हा आमची मागणी अशी आहे. कलम ६७ खाली राज्यातील प्रमुख मार्गांसाठी टन-किलोमीटरचे किमान भाडे जाहीर व्हावे, ते डिझेलच्या दराशी जोडलेले असावे आणि डिझेल ठरावीक प्रमाणात चढले-उतरले की आपोआप बदलावे. माथाडी मंडळाच्या धर्तीवर मालवाहतूक मंडळ स्थापन व्हावे. माल पाठवणारे, एजंट आणि पाचपर्यंत गाड्या असलेले वाहतूकदार यांची तेथे नोंद व्हावी आणि भाडे मंडळामार्फत ठरलेल्या मुदतीत चुकते व्हावे. कारखान्याच्या दारात गाडी ठरावीक तासांहून अधिक खोळंबली तर त्या वेळेचे पैसे मिळावेत. वाराई गाडीवाल्याच्या माथी न मारता ज्याचा माल त्याने ती द्यावी. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा रास्त आहे, आणि तिच्यात हमालाचे काहीच नुकसान नाही. जादा भार भरल्याचा दंड आज वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा आहे. तो रस्त्यात अडवलेल्या गाडीवाल्याकडूनच वसूल होतो. ज्याने तो भार भरायला लावला त्याच्याकडून तो वसूल झाला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप महागाईचा येईल. त्याचा हिशेब करू. पंधरा टन कांदा नेणाऱ्या गाडीचे भाडे दहा हजार रुपयांनी वाढले, तर किलोमागे सत्तर पैशांहूनही कमी वाढ होते. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि ग्राहकाने मोजलेला भाव यांत जी तफावत असते, तिच्यापुढे ही रक्कम किती, हे गृहिणीला सांगावे लागणार नाही. तरीही ही वाढ शेतकऱ्याच्या भावातून कापली जाण्याचा धोका आहे, आणि आपल्या चळवळीने त्याबाबत सावध राहिले पाहिजे; गाडीवाला आणि शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न निश्चित होईल.

दुसरा आक्षेप असा की कागदावर किमान भाडे लिहून हातोहात काही रक्कम परत घेतली जाईल. हा आक्षेप खरा आहे. ब्राझीलमध्ये मे २०१८ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर किमान भाड्याचा कायदा झाला. उद्योगांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि तो चुकवण्याच्या वाटाही शोधल्या. दक्षिण कोरियाने २०२० पासून कंटेनर व सिमेंट वाहतुकीसाठी ‘सुरक्षित भाडे’ ठरवले. पण मुदतीचा कायदा २०२२ अखेर संपू देण्यात आला आणि चालकांना त्यासाठी संप करावा लागला. या अनुभवांचा अर्थ किमान भाडे निरुपयोगी आहे असा नाही. मागे संघटना नसेल तर कायदा टिकत नाही, इतकाच आहे. किमान वेतनाचाही अनुभव याहून निराळा नाही, म्हणून आपण किमान वेतनाची मागणी सोडून दिलेली नाही. कोरियाने त्या भाड्याला ‘सुरक्षित’ म्हटले, यातही अर्थ आहे. जो चालक दोन रात्री झोपलेला नाही, त्याच्या पडलेल्या भाड्याची किंमत समोरून येणारा दुचाकीस्वारही मोजत असतो.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येईल, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मालकाचे भाडे वाढवून पगारी ड्रायव्हरला आणि क्लीनरला काय मिळणार? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच वा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू होता. म्हणजे लहान गाडीवाल्याच्या हाताखालचा ड्रायव्हर त्यातून सुटला. तेव्हा किमान भाड्याच्या सूत्रातच ड्रायव्हर आणि क्लीनर यांचे किमान वेतन स्वतंत्रपणे दाखवले पाहिजे आणि ते मंडळातर्फे त्यांच्या खात्यात गेले पाहिजे. गाडी मालक स्वतः चालवत असेल तर ते वेतन त्याचे. ही अट मान्य नसेल त्या वाहतूकदाराची बाजू आपण घेण्याचे कारण नाही.

वाहतूकदारांच्या संघटना मोठ्या आहेत. जुलै २०१८ चा त्यांचा देशव्यापी बंद आठ दिवस चालला. त्याच्या मुख्य मागण्या डिझेल, टोल आणि विमा यांविषयीच्या होत्या. त्या रास्त होत्या, पण त्या दहा गाड्यांच्या मालकाच्या आणि एका गाडीच्या मालकाच्या समान मागण्या होत्या. दलालाच्या दारातल्या एकट्याची मागणी त्यांत मागे पडली. उलट जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतील अपघातविषयक तरतुदीविरुद्ध चालकच रस्त्यावर उतरले. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा कलम १०६ चे ते वादग्रस्त पोटकलम स्थगित ठेवावे लागले. या वर्गात बळ नाही असे कोणी म्हणू नये. त्या बळाला आर्थिक मागणीचे रूप अजून आलेले नाही, आणि ते देणे हे आपले काम आहे.

कार्यकर्त्यांनी सुरुवात घोषणेपासून न करता हिशेबापासून करावी. कळंबोली, नाशिकचे आडगाव, जालना, सांगली अशा ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील शंभर एकगाडी मालकांची यादी करावी आणि प्रत्येकाचा तीन महिन्यांचा जमाखर्च लिहून घ्यावा: खेप कोठून कोठे, भाडे किती, कमिशन किती, डिझेल, टोल, वाराई, हप्ता, थांबलेले दिवस, आणि अखेर हाती उरलेली रक्कम. ही रक्कम गाडीवर घालवलेल्या तासांनी भागावी. जो आकडा येईल तो शासनाने जाहीर केलेल्या अकुशल कामगाराच्या किमान वेतनाशेजारी ठेवून परिवहन प्राधिकरणापुढे, विधिमंडळापुढे आणि वर्तमानपत्रांपुढे मांडावा. हमालांच्या चळवळीत पाठीवरच्या पोत्याचे वजन किती असावे हा प्रश्न एके दिवशी असाच विचारला गेला होता. आज मालमोटारीच्या चाकामागे बसलेल्या माणसाची तासाची मजुरी किती, एवढाच प्रश्न आपण विचारायचा आहे. तो विचारायला लागणारी वही आणि पेन्सिल प्रत्येक शाखेपाशी आहे.